डोक्याला मार लागल्यानंतरचे स्कॅन आणि पुढची दोन वर्षं: गोव्यातल्या सेवेचं परीक्षण

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही दुचाकी घसरून डोकं आपटलं की १०८ बोलावली जाते आणि गंभीर रुग्ण बहुधा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोचतो. सीटी, गरज पडली तर ऑपरेशन, आयसीयू, वॉर्ड, डिस्चार्ज. मग घरच्यांच्या हातात एक फाइल येते आणि पुढचं सगळं त्यांनीच जुळवायचं असतं: एमआरआय कुठे काढायचा, कोणता, किती वेळा, फिजिओ कोण, विसरभोळेपणासाठी कोणाकडे जायचं. हे परीक्षण कुठल्या एका सेंटरचं नाही. डोक्याच्या दुखापतीनंतर गोव्यातल्या कुटुंबाला ज्या सेवा विकत किंवा फुकट घ्याव्या लागतात, त्यांतली कुठली घेण्यासारखी आणि कुठली नाही, एवढंच बघायचं आहे. मत आधीच सांगून टाकतो. पहिला सीटी पैसे वसूल, एमआरआय चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर अवलंबून, आणि त्यानंतरच्या पुनर्वसनाची बाजू लंगडी.

सीटीबद्दल थोडक्यात. डोक्याच्या साध्या सीटीला पाच मिनिटंही लागत नाहीत, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. ताजं रक्त पांढरं दिसतं, कवटीची चीर दिसते, मेंदू एका बाजूला सरकलाय का ते कळतं. न्यूरोसर्जनला त्या घडीला एवढंच हवं असतं. किरणोत्सर्ग साधारण २ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात अंगावर येतो जवळपास तेवढा. मोठ्या माणसाची तब्येत बिघडत असेल तर डॉक्टर काही तासांनी दुसरा सीटी काढतात, त्याला कचरू नये. लहान मुलाच्या बाबतीत मात्र दर वेळी कारण विचारावं.

प्रत्येक टेंगळाला सीटी लागत नाही हेही खरं. कॅनडात २००१ साली तयार झालेला नियम आजही वापरला जातो. मार लागून क्षणभर शुद्ध गेली, काही आठवेनासं झालं किंवा माणूस गोंधळला असेल, तर पुढे या गोष्टी बघायच्या: दोन तासांनंतरही ग्लासगो स्कोअर (शुद्धीचं माप) पूर्ण १५वर आलेला नाही, दोन किंवा अधिक उलट्या, कवटी फुटल्याची शंका, कानातून किंवा नाकातून पाणी, डोळ्यांभोवती काळंनिळं, वय ६५ किंवा जास्त. यातली एक जरी असली तरी स्कॅन. अपघाताआधीचा अर्धा तास किंवा जास्त वेळ आठवत नसेल, गाडीने माणसाला उडवलं असेल किंवा पडणं तीन फुटांहून उंचावरून असेल तरी स्कॅन. म्हणजे माडावरून पडलेल्या पाडेल्याला कोणी ‘बोलतोय ना, मग घरी न्या’ म्हणालं तर ऐकू नये. त्याची मानही तपासून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा नियम लागूच होत नाही, सरळ स्कॅनला न्यायचं.

आपल्याकडे हमखास चुकणारी जागा म्हणजे दारूचा वास. रात्री पार्टीहून किंवा फेस्तावरून परतताना पडलेला माणूस गुंगीत असला की ‘उतरली की उठेल’ म्हणून खाटेवर झोपवून ठेवतात. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साचणारं रक्त नेमकं असंच वागतं: आधी बोलतो, मग झोपतो, मग उठत नाही. दारू प्यायलेल्याला स्कॅनची गरज इतरांहून जास्त असते.

दुसरी चूक उलट टोकाची. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरतं, त्या दिवशीचा सीटी स्वच्छ येतो, सगळे निर्धास्त होतात. तीन-चार आठवड्यांनी चालताना एका बाजूला झोक जातो, बोलणं अडखळतं, दिवसाही झोप येते, आणि घरचे म्हणतात वय झालं. तो जुनाट सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचलेलं रक्त, असू शकतो. एव्हाना रक्ताचा रंग सीटीवर मेंदूसारखाच करडा झालेला असतो, घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. चिठ्ठीवर ‘अमुक तारखेला पडले होते’ एवढं लिहिलेलं असलं तरी वाचणारा दोन्ही बाजू नीट ताडून बघतो. कवटीला छोटं भोक पाडून ते रक्त काढता येतं आणि माणूस बऱ्याचदा पूर्ववत होतो. या सगळ्या लेखात इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काही नाही.

आता एमआरआय, जिथे लोकांचे पैसे खरोखर वाया जातात.

म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, कुठेही चौकशी केली तर काउंटरवर पहिला प्रश्न ‘प्लेन की कॉन्ट्रास्ट?’ असा येतो. डोक्याच्या दुखापतीसाठी तो बहुतेक वेळा बिनकामाचा. जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका नसेल तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन लागत नाही, आणि प्लेन म्हटल्याने काय काय काढणार ते कळत नाही. विचारायचं ते वेगळंच: ‘एसडब्ल्यूआय काढता का?’ रक्ताच्या बारीक खुणा दाखवणारा हा एमआरआयचा एक प्रकार. मेंदूतल्या लांब तंतूंना ताण बसून झालेल्या इजेत बारीक रक्तस्राव होतात. ते सीटीवर आणि नेहमीच्या टी-२ चित्रांवर दिसतीलच असं नाही. रक्तातलं लोह तिथेच साठून राहतं आणि एसडब्ल्यूआयवर काळ्या ठिपक्यांच्या रूपात वर्षानुवर्षं दिसतं. हा भाग काढायला चार-पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून घाईच्या दिवशी वगळला जातो. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘ट्रॉमा प्रोटोकॉल: टी-१ थ्रीडी, टी-२, फ्लेअर, डिफ्युजन, एसडब्ल्यूआय’ असं लिहून घ्यावं. मशीन जुनं असेल आणि एसडब्ल्यूआय होत नसेल तर निदान ग्रेडिएंट इको, हा त्याच कामाचा जुना प्रकार, तरी. यातलं काहीच मिळत नसेल तर त्या सेंटरचा दर कितीही कमी असो, दुसरीकडे जा.

१.५ टेस्ला की ३ टेस्ला? मशीनच्या चुंबकाच्या ताकदीच्या या आकड्यावर लोक फार अडतात. ३ टेस्लावर बारीक ठिपके जास्त दिसतात हे खरं, पण चांगल्या प्रोटोकॉलचं १.५ हे अर्धवट प्रोटोकॉलच्या ३ला भारी पडतं. कवटीला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या असतील तर शेजारचा भाग एसडब्ल्यूआयवर काळा पडतो, आणि ३ टेस्लावर तो काळोख आणखी पसरतो. अशा माणसासाठी मोठं मशीन म्हणजे मोठा फायदा असं गणित नाही.

कधी काढायचा यालाही अर्थ आहे. पहिल्या दोन आठवड्यांत काढला तर डिफ्युजन आणि फ्लेअरवर ताजी सूज दिसते, नंतर ती मावळते. तीन ते सहा महिन्यांनी काढला तर काय कायमचं गेलं ते दिसतं: व्रण, आक्रसलेला भाग, मोठ्या झालेल्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या. सीटीत दिसलं त्या मानाने माणूस शुद्धीवर यायला फारच वेळ लावत असेल, तर लवकर काढलेला एमआरआय खुलासा करतो. कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा तंतूंचा पट्टा) आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) यांत इजा दिसली तर १९८९च्या अ‍ॅडम्स वर्गवारीत ती तीनपैकी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची ठरते, आणि घरच्यांनी लांब पल्ल्याची तयारी धरावी.

स्कॅनच्या दिवशीचं. वीस ते तीस मिनिटं डोकं न हलवता पडून राहायचं असतं, आणि आवाज शंभर डेसिबलच्या घरात. कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही मागून घ्यावेत. मार लागलेल्या माणसाला आवाजाचा त्रास आधीच जास्त असतो. अर्ध्यावर उठला की चित्रं पुसट येतात आणि रिपोर्टात ‘मोशन आर्टिफॅक्ट’ लिहून सेंटर मोकळं होतं, पैसे मात्र पूर्ण. सकाळची वेळ घ्यावी, आदल्या रात्री झोप होऊ द्यावी, हालचाल जास्त करणाऱ्याला सर्वांत महत्त्वाची चित्रं आधी काढायला सांगावी. गुंगी द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ हजर आहे का ते विचारावं. टेक्निशियनने परस्पर दिलेलं इंजेक्शन चालणार नाही.

मंगळसूत्र, पिना, ताईत, कवळी बाहेर ठेवायची हे सगळेच सांगतात. शंटबद्दल मात्र क्वचित कोणी विचारतं. मेंदूतलं पाणी काढायला बसवलेला शंट जर बाहेरून चुंबकाने सेट होणारा असेल, तर एमआरआयच्या चुंबकाने त्याचा दाबाचा आकडा बदलू शकतो. स्कॅननंतर तो न्यूरोसर्जनकडून पुन्हा तपासून घ्यावा लागतो. स्कॅननंतर दोन दिवसांत डोकेदुखी आणि सुस्ती सुरू झाली तर आधी तिकडे बघा. म्हणून ऑपरेशनची नोंद आणि शंटचं कार्ड काउंटरवर दाखवायचं, ‘डोक्यात काहीतरी बसवलंय’ एवढं सांगून भागत नाही. कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं असेल तर तेही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असायला हवं.

रिपोर्ट हातात आल्यावर लोक शेवटची ‘इम्प्रेशन’ची ओळ वाचतात आणि घाबरतात किंवा खूष होतात. दोन्ही घाईचं. ‘ग्लायोसिस’ म्हणजे व्रण, ‘एन्सेफॅलोमलेशिया’ म्हणजे मेंदूचा तो तुकडा विरघळून गेला आहे. ‘काही नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज’ हे वाक्य चाळिशीपुढच्या, रक्तदाब असलेल्या कितीतरी लोकांच्या रिपोर्टात असतं. ते अपघाताच्या खात्यात टाकू नये. ठिपके कुठे आहेत तेही बघायचं. करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर आणि कॉर्पस कॅलोसममध्ये असले तर अपघात, आत खोलवर बेसल गँग्लियात असले तर बहुधा जुना रक्तदाब. चांगला रेडिओलॉजिस्ट हा फरक लिहितो. अपघाताची तारीखच त्याला कोणी सांगितली नसेल तर त्याला दोष देऊन उपयोग नाही.

आणि स्वच्छ एमआरआय म्हणजे मेंदू स्वच्छ असंही नाही. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या अभ्यासात २०१३ साली दिसलं, की सौम्य दुखापत आणि नॉर्मल सीटी असलेल्यांपैकी २७ टक्क्यांच्या लवकर काढलेल्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडलं. उरलेल्यांतही महिनोन् महिने डोकेदुखी आणि विसर पडणारे असतात. उलट चित्रावर पाच-सात ठिपके असूनही कामावर परतलेले लोक आहेत. बायकोवर न चिडणारा माणूस आता का चिडतो, हे कुठलंच चित्र सांगत नाही.

याच फटीत डीटीआयचं, म्हणजे मेंदूतल्या तंतूंचा नकाशा काढणाऱ्या एमआरआयचं, रंगीत पॅकेज विकलं जातं. तंतूंची लाल-हिरवी-निळी जाळी दिसते देखणी. संशोधनात, शेकडो लोकांचे गट ताडून बघताना हे तंत्र फार मोलाचं. एका माणसाच्या बाबतीत ‘इथला एफए (तंतू किती शाबूत त्याचा आकडा) कमी म्हणून तुमची स्मरणशक्ती कमी’ असं सांगण्याइतकं ते पक्कं नाही. मशीन बदललं की आकडा बदलतो. जास्तीचे पैसे देऊ नयेत. ‘ब्रेन मॅपिंग’ नावाने ईईजीचे (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीचे) रंगीत नकाशे देणाऱ्यांनाही हेच उत्तर. साधा ईईजी फिट्सच्या प्रश्नासाठी उपयोगी आहे, त्यासाठीच काढावा.

‘सुधारलं का बघू’ म्हणून दर सहा महिन्यांनी एमआरआय काढण्याची प्रथा आहे, तिला अर्थ नाही. सुधारणा चालण्यात, बोलण्यात, हिशेबात दिसते. पुन्हा स्कॅन लागतो तो बिघडलं तर: सुधारत असलेला माणूस मागे जायला लागला, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवरचा ताबा सुटणं, नवी फिट, वाढती डोकेदुखी. चाल आणि लघवी एकत्र बिघडली तर पोकळ्यांत पाणी साचल्याची शंका घ्यायची, तिथे सीटीनेही काम होतं.

निघण्यापूर्वी सीडी तिथल्याच संगणकावर उघडून बघा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर शेकडो, डायकॉम या स्कॅनच्या मूळ फाइलींच्या स्वरूपात. ती पेन ड्राइव्हवर आणि घरच्या एखाद्याच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा, कारण पावसाळ्यात कपाटातल्या फिल्मा एकमेकींना चिकटतात आणि सीडीवर बुरशी धरते. दुसरं मत घ्यायला बेंगळुरूच्या निम्हान्सला (मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) किंवा मुंबईला जाणार असाल तर आधीचा सीटीही सोबत हवा. नुसता रिपोर्टचा कागद घेऊन गेलात तर तिथे पुन्हा स्कॅन काढायला लावतात.

आता पुनर्वसन. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जोरात, मग दोन वर्षांपर्यंत संथ, आणि त्यानंतरही थोडी थोडी होत राहते. या काळात गोव्यात फिजिओथेरपिस्ट गावोगाव मिळतो, हातपाय हलवून घेतो, ते काम बरं चालतं. रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधावा लागतो. लक्ष, आठवण आणि नियोजन यांवर काम करणारा माणूस तर त्याहून दुर्मिळ, आणि घरी परतलेल्या रुग्णाला नेमकी त्याचीच गरज असते. काही ठिकाणी दहा मिनिटांची तीस गुणांची चाचणी घेऊन ‘२६ आले, ठीक आहे’ म्हणून घरी पाठवतात. ती चाळणी आहे, तपासणी नव्हे. पूर्ण न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीला, म्हणजे लक्ष, आठवण, नियोजन यांच्या सविस्तर चाचण्यांना, दोन-तीन तास लागतात, मध्ये विश्रांती द्यावी लागते, आणि ती घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेत, मराठीत किंवा कोकणीत व्हायला हवी. भारतीयांच्या सरासरीवर बेतलेली निम्हान्सची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, २००४पासून आहे. ती वापरणार का असं सरळ विचारावं. रिपोर्टात नुसते गुण नकोत. ‘एका वेळी एकच सूचना द्या’, ‘पैशाचे व्यवहार सध्या दुसऱ्याने बघावेत’ अशी वाक्यं असतील तर पैसे वाजवी गेले म्हणायचे.

मोबाइलवरच्या ब्रेन गेमची वर्गणी घेण्यापेक्षा सराव बाजारात करावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन वस्तूंची यादी आणि पाचशेची नोट देऊन पाठवायचं, घरच्याने दहा पावलं मागे राहायचं. काय चुकतं ते बघायचं: यादी बघायची आठवण राहिली नाही, की मोडीचा हिशेब चुकला, की गर्दीत भांबावला. तिन्हींचा इलाज वेगळा. पहिल्याला वही आणि घड्याळाचा गजर, दुसऱ्याला घरी सुट्ट्या पैशांचा रोजचा सराव, तिसऱ्याला सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत जाणं. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं डोळे मिटून शांत. थकवा आल्यावर ताणलं तर पुढचे दोन दिवस जातात. चतुर्थीला घरात पंचवीस माणसं, घुमटवादन आणि फटाके असताना रुग्णाला एक बंद खोली राखून ठेवा आणि आरतीला पाच मिनिटं आणून परत न्या. त्या रात्रीची अर्धी भांडणं टळतात.

वास जाणं फार लोकांत राहतं आणि फाइलमध्ये क्वचित लिहिलेलं असतं, कारण कोणी विचारतच नाही. शिळा बांगडा नाकाला कळत नाही, कल्ल्याचा रंग आणि डोळा बघून घ्यायला शिकवावं लागतं. गॅस उघडा राहिला तर समजत नाही. स्वयंपाकघरात गळतीची सूचना देणारं यंत्र बसवणं हा या यादीतला सर्वांत सोपा खर्च. सराव म्हणून लवंग, लिंबू, नीलगिरी आणि गुलाब, दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, निदान तीन महिने. सर्दीनंतरच्या वासापेक्षा अपघातानंतरचा कमी परततो, पण याला फुकटच म्हणावं इतपतच खर्च येतो.

औषधांच्या यादीकडेही बघा. फिट्स टाळण्यासाठी दिलेली गोळी पहिल्या सात दिवसांतल्या फिट्ससाठी असते. पुढे येणारा अपस्मार ती टाळत नाही. फिट कधीच आली नसताना ती दोन-दोन वर्षं चालू राहिलेली सर्रास दिसते आणि सुस्तीचं खापर दुखापतीवर फुटतं. मनाने बंद करायची नाही, ‘अजून का चालू आहे’ एवढं न्यूरोला विचारायचं. धोका कोणाला किती? अमेरिकेतल्या १९९८च्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांत फिट्स येण्याचं प्रमाण सौम्य दुखापतीत ०.७ टक्के, मध्यमात १.२ आणि गंभीरात १० टक्के होतं. गंभीर दुखापतवाल्याने गाडी, पोहणं आणि माडावर चढणं याबाबत डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी.

सहा महिने झाले तरी अंगात बळ नाही, थंडी वाजते, पाळी थांबली किंवा पुरुषाची इच्छा गेली, तर पिट्युटरी (मेंदूखालची, हार्मोन्सवर ताबा ठेवणारी ग्रंथी) तपासा: सकाळी आठचं कॉर्टिसॉल, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन किंवा स्त्रियांची हार्मोन्स, आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारी चाचणी). साध्या रक्ततपासणीत सापडणारी आणि औषधाने सुधारणारी गोष्ट आहे, तरी तिच्याआधी लोक तिसरा एमआरआय काढून बसतात.

राग आणि संशय वाढला असेल तर बांबोळीतच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. जाताना ‘डोक्याला मार लागला होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा, डिस्चार्ज कार्ड पुढे करा. शांत करणारी जुनी औषधं आणि झोपेच्या गोळ्या सुधारणेचा वेग कमी करू शकतात, त्यामुळे निवड वेगळी होते.

पैशाचं. २०१६ला सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण ठेवलेलं होतं. पण ते ठरावीक प्रक्रियांच्या यादीवर चालतं; नंतर बसवायच्या कवटीच्या हाडाचं ऑपरेशन यादीत कुठल्या नावाने आहे ते दाखल होण्याआधी काउंटरवर विचारा. अपघाताचा दावा लावायचा असेल तर पोलिसांत झालेली नोंद, कॅज्युअल्टीच्या केसपेपरवरचा पहिला ग्लासगो स्कोअर, पहिला सीटी आणि वर्षाने केलेली न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी हे चार कागद वकील सर्वांत आधी मागतो. पहिला स्कोअर बरेचदा लिहिलेलाच नसतो किंवा अक्षर लागत नाही, म्हणून रुग्ण वॉर्डात असतानाच त्याची प्रत मागून घ्या.